मेरी आई आई!

किस्से म्हणजे डब्यातली सुटी बटणं. एक शोधायला जावं, तर मूठभर हाती येतात! मी काही शाळेची पायरी चढले नाही. मी सांगते, सूनबाई लिहून घेते. बहुतेक किस्से तिच्याच पोराचे, अमेयचे.

*

मुलाला नव्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही नोएडाला आलो. सेक्टर इतका नवा, की गच्चीवरून गव्हाची शेतं दिसायची. अमेय तेव्हा तीन वर्षांचा. ऑफिसचे साहेब चहाला आले, तर हा आंघोळीतून तसाच बाहेर!

मी ओरडले, "मेल्या, लाज आहे का?"

साहेबांकडे बघत गंभीरपणे म्हणतो, "संपली. बाबा आणणारेत!"

*

चौथं सरलं आणि वारं फिरलं. आता चांगलं वागायचं ते कुणी बघत असेल तरच! शेजारच्या पंजाब्यांचा बंटी दिवसभर आमच्याकडे पडीक. वरणभात खाऊन खाऊन त्याचं बोलणंही अर्धं मराठी झालेलं. अमेयनं एकदा त्याला लाडवाचा मोठा तुकडा दिला आणि माझ्याकडे वळला.

"आजी, बघितलंस?"

"नाही रे, गहू निवडत होते."

"बंटी, वापस कर!"

*

एकदा त्याच्या शाळेत गेले. हात जोडून म्हटलं, "नमस्कार, बाई!" अमेय लालेलाल. घरी आल्यावर फुटला, "आजी, इथे बाई भांडी घासते! मॅम बोल. मेरी इज्जत का सवाल है!"

मी धोका नको म्हणून भांडी घासणाऱ्या कमलालाही 'मॅम' म्हणायला लागले. ती बिचारी लाजून भांडी दोनदा घासते!

*

शाळा सुटली, गेटवर सून दिसली. पोरगं आनंदानं ओरडलं, "मेरी आई आई!"

हिंदीत 'आई' म्हणजे 'आली'. सगळी पोरं फिदीफिदी! बंटी तर नाचायलाच लागला, "आई आई! कौन आई?"

घरी येताच अमेयचं फर्मान निघालं, "बाहेर तू मम्मा."

सून हसली. पण त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात करपला. (हे खोडू का, विचारतेय. राहू दे म्हटलं.)

*

मग कितीतरी दिवस घरात आई, बाहेर मम्मा. एका संध्याकाळी पार्कात बंटी घसरगुंडीवरून उलटा पडला. गुडघा फुटला. त्यानं सगळ्यांसमोर भोकाड पसरलं, "आई गंऽऽ!"

एक पोरगा खिदळलाच, "कौन आई?"

अमेयनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाकावर आम्ही दोघी. आणि पार्क दणाणेल असा ओरडला, "आई! ए आई! बंटीला लागलंय!"

सून चप्पल टाकून धावली. तेवढ्यात गेटातून बंटीची मम्मीही हात पसरून धावत आली, "हाय, मेरा पुत्तर!"

बंटीनं रडं आवरलं, डोळे पुसले आणि तिला दटावलं, "मम्मी, पुत्तर मत बोल! सब सुन रहे हैं!"