दुधावरच्या लोंब्या

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाबाहेर एक सूचनाफलक आहे. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की तिथे झुंबड उडते, एरवी तिकडे कुत्रंही फिरकत नाही. तरी सिंक्रोट्रॉन केंद्राचं बातमीपत्र ई-मेलवर आलं की मी ते छापून तिथे चिकटवते. नवी बीमलाइन सुरू झाल्याची बातमी, विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण, संशोधनाचे अर्ज मागवल्याची सूचना, असं बरंच काही त्यात असतं. रसायनशास्त्राचे सर येता-जाता टोमणा मारतात. "चंद्रपुरात राहून कोळशाकडं पाहा मॅडम, कायले विजेरी लावून स्वर्ग पाहून राह्यल्या?" मी त्यांना उत्तर देत नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि सरांचं रक्तदाबाचं औषध चालू आहे.

सिंक्रोट्रॉन म्हणजे काय हे मी वर्गात फार सोपं करून सांगते. एका मोठ्या गोल नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचे. वळणावर ते प्रकाश सांडतात. दवाखान्यातल्या एक्स-रेपेक्षा कितीतरी तीव्र असा हा प्रकाश केसाहून बारीक करून एखाद्या वस्तूवर टाकला, की तिच्या आत कुठे लोह आहे, कुठे जस्त आहे, ते ठिपक्या-ठिपक्याने दिसतं. नळीतून निघालेला प्रकाश वस्तूपर्यंत नेणारी वाट म्हणजे बीमलाइन. हे यंत्र आपल्याकडे विकत मिळत नाही. अर्ज करायचा, तज्ज्ञांनी तो वाचायचा, आणि पसंत पडला तर ठरावीक तारखांना यंत्र आपल्या ताब्यात. त्याला बीमटाइम म्हणतात. तारीख चुकली की गेली.

ते बातमीपत्र मनापासून वाचणारी एकच विद्यार्थिनी मला भेटली. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या एका गावची, गोंड घरातली. एसटीची वेळ होईपर्यंत ती फलकासमोर उभी असायची. एकदा तिने विचारलं, "मॅडम, यात धानाचा दाणा पाहता येते का? आमच्या इथी लाल धान असते. म्हातारे म्हणतात त्यानं रक्त वाढते. ते दिसन का?" मी म्हटलं, पाहू. 'पाहू' हा शब्द मास्तर लोक किती सहज वापरतात. ती पदवी घेऊन गेली, तिचं लग्न झालं, ती नागपूरला राहायला लागली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्यातच गेली. मूलही वाचलं नाही. तिच्या अंगात रक्त फार कमी होतं.

मी भेटायला गेले तेव्हा तिची आई अंगणात सूप घेऊन बसली होती. सुपात काही नव्हतं. मी तिला माय म्हणायचे, ती मला बाई. मी तिच्याजवळ जमिनीवर टेकले. मग ती म्हणाली, "ती सांगत जाय, का एक यंत्र हाये, दाण्याच्या आतलं दिसते त्यात. बाई, आमच्या तांदळात रक्त हाये का नाई, तेवढं पाहून दे मले."

मी विचारलं, ते कशाला आता?

"मी तिले मूल गावच्या गिरणीतला पांढरा भात घातला. पार दुधावानी पांढरा करून आणला होता. शहरात राह्यलेली पोरगी, पोटुशी, तिले कोंड्याचा लाल भात कसा घालू? आता वाटते, लाल घातला असता तं जगली असती का."

याचं उत्तर मला तेव्हाच अर्धं माहीत होतं. तांदळातलं लोह बहुतेक कोंड्यात असतं, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. आणि कोंड्यातलं लोह अंगी लागेलच असं नाही, हेही त्याच पुस्तकात पुढच्या पानावर असतं. मी दोन्ही सांगू शकले असते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "पाहून सांगते, माय." तिला वाटलं मला कळवळा आला. आलाही होता. पण तिचा हात हातात असतानाच माझ्या डोक्यात अर्जाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं. तेही इंग्रजीत.

अर्ज मंजूर झाला. नुसता पिकलेला दाणा पाहण्यात नवीन काही नव्हतं. दाणा भरत असताना लोह आत कसं येतं आणि कुठे थांबतं, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी लोंब्या दुधावर असतानाच हव्या होत्या, म्हणजे दाबल्यावर दाण्यातून पांढरं दूध येतं तेव्हा. बीमटाइम भाद्रपदात मिळाला. मला वाटलं, वा, नशीबच काढलं. मायचं लाल धान हलकं, सगळ्यांच्या आधी पिकणारं. ऐन वेळी दूध भरलेलं असणार.

त्या गावात नवा झाल्याशिवाय नव्या धानाला कोणी विळा लावत नाही. नवा म्हणजे नवं धान देवाला द्यायचा दिवस. गावदेवाची पूजा करणारा भूमक दिवस ठरवतो. पहिल्या लोंब्या आणतात, ते धान गावच्या सगळ्यांत जुन्या घरातली बाई मुसळाने कांडते, त्या तांदळाचा घास देवाला जातो आणि मग गाव खातं. ती जुन्या घरातली बाई म्हणजे माय. तिच्या आधी तिची सासू कांडायची. हे मला ठाऊक होतं. विद्यार्थिनीनेच मला एकदा सांगितलं होतं, चांगली मान ताठ करून.

म्हणून मी मायकडे लोंब्या मागितल्या नाहीत. मी तिला फक्त सांगितलं की यंत्राची तारीख आली आहे, ती नव्याच्या आधीची आहे, आणि पिकलेला दाणा चालत नाही. एवढं बोलून मी गप्प बसले. मागणं म्हणजे आणखी काय असतं?

तिने बांधीकडे, धानाच्या शेताकडे पाहिलं. मग विळा घेऊन गेली आणि ओंजळभर लोंब्या पदराआड घेऊन आली. ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे देताना म्हणाली, "कोनाले दिसलं नाई. जा आता."

केंद्रावरचे ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं. गळ्यात बिल्ला, हातात मोजे, दाण्याचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप. प्रकाश सोडण्याआधी बीमलाइनच्या खोलीत कोणी राहिलं नाही ना, ते फिरून पाहायचं, घंटा वाजवायची, जाड दार लावून घ्यायचं आणि बाहेर येऊन पडद्यासमोर बसायचं. चित्र ओळी-ओळीने उमटत गेलं. दाण्याच्या कडेने लोहाची लालभडक किनार आली, बुडाशी कोंबाजवळ दाट डाग आला, आणि मधला सगळा भाग, ज्याला आपण भात म्हणतो, तो काळाठिक्कर. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बीमलाइनवरचे लोक पाहायला आले. त्यांना मी चित्र समजावून दिलं, चहा पाजला. सुपाजवळ बसलेली बाई मला परतीच्या गाडीत बसल्यावर आठवली.

नवा ठरल्याप्रमाणे पार पडला. मायनेच धान कांडलं. मला कळलं तेव्हा मी निश्चिंत झाले. चला, कोणाचं काही बिघडलं नाही. चित्राचं काय झालं हे विचारायला तिने दोनदा शेजारणीच्या फोनवरून फोन केला. दोन्ही वेळा मी सांगितलं, "अजून तपासणं चालू आहे, माय." तपासणं संपलं होतं. पांढऱ्या भाताबद्दल तिला काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं, आणि न सुचण्याला मी संशोधन म्हणत होते.

उन्हाळ्यात केंद्राच्या बातमीपत्रात आमच्या दाण्याचं चित्र छापून आलं. आता त्या फलकावर मी माझीच बातमी चिकटवली. रसायनशास्त्राच्या सरांनी पेढे मागितले. कॉलेजने इथल्या वर्तमानपत्राला कळवलं, वार्ताहर घरी आला, ऊर्जानगरला नवऱ्याला मिळालेल्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये बसून त्याने पोहे खाल्ले आणि मी घडाघडा बोलत सुटले. गावाचं नाव सांगितलं. भाद्रपदात दुधावरच्या लोंब्या किती शिताफीने मिळवल्या, तेही सांगितलं. त्याने ते सगळं छापलं आणि मथळा दिला, 'लोह कोंड्यात, आपण खातो पांढरा भात!' मथळा झकास होता. कात्रण मी जपून ठेवलं.

ते वर्तमानपत्र त्या गावात अंगणवाडीच्या बाईने वाचून दाखवलं. आपल्या गावाचं नाव पेपरात आलं म्हणून बायामाणसं, म्हातारेकोतारे सगळे जमले होते. माय पुढेच बसली होती. वाचून झाल्यावर भूमकाने एवढंच विचारलं, "भादव्यात लोंब्या कोनं कापल्या?" माय म्हणाली, "म्या." तिने कोणाचंही नाव घेतलं नाही. माझं तर पेपरात छापलेलंच होतं.

भूमक ओरडला नाही. ज्या हाताने नव्याआधी विळा लावला, तो हात देवाच्या तांदळाला चालत नाही, म्हणाला. पुढच्या नव्याला दुसऱ्या घरची बाई कांडेल. हे सगळं मला अंगणवाडीच्या बाईने फोनवर सांगितलं. एका बातमीने मी मायची दोन कामं केली होती. तिचा हात घालवला होता, आणि जे उत्तर तिला तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती, ते भर गावात मोठ्याने वाचून घेतलं होतं.

मी लगेच गेले का? नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, प्रवेश चालू होते, घरी पाहुणे होते. न जाणाऱ्याला कारणं कमी पडत नाहीत. त्यातच पुढच्या बातमीपत्रात नव्या अर्जांची सूचना आली. कोंड्यातलं लोह कोणत्या रूपात बांधलेलं असतं, अंगी लागण्यासारखं की तसंच पोटातून निघून जाणारं, हे त्याच प्रकाशाने बरंच ओळखता येतं. मी अर्ज केला. तो मंजूर झाला. तारखा पुन्हा भाद्रपदातल्याच आल्या.

अखेर मी गेले तेव्हा धान दुधावर होतं. माय बांधावर बसून पाखरं हाकत होती. मी तिच्या पाया पडले आणि पाठ केलेली माफी मागायला सुरुवात केली. भूमकाकडे जाऊन सांगते, चूक माझी होती म्हणते, दंड मी भरते. तिने मला मध्येच थांबवलं.

"हाताचं सोड. पेपरात आलं ते खरं हाये का?"

"खरं आहे."

"म्हंजे रक्त कोंड्यात होतं. ते म्या गिरणीत टाकून देल्लं, अन् पोरीले पांढरा भात घातला."

"तसं नाही, माय. लोह कोंड्यात आहे, एवढंच चित्रात दिसतं. ते तिच्या रक्तात गेलं असतं का, ते त्यात दिसत नाही. बहुतेक नसतं गेलं. लाल भात खाऊनही तिचं रक्त तेवढंच राहिलं असतं, असंही असेल."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "तू मले समजावून राह्यली, का खरं सांगून राह्यली?"

मी खरंच सांगत होते. पण नापास झालेल्या पोरांची समजूत घालताना माझा जो आवाज लागतो, तोच तेव्हा लागला होता. तो माझा मलाच ऐकू आला. पहिल्या दिवशी अंगणात हेच शब्द बोलले असते, तर तिला ते खरे वाटले असते. आता ते उशिरा आलेल्या माणसाचे शब्द होते. मी म्हटलं, "खरं सांगते आहे." तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही.

"मंग रक्तात जाते का नाई, ते काऊन नाई पाह्यलं?"

"पूर्ण नाही, पण थोडं कळू शकतं. त्यासाठी पुन्हा यंत्र मिळालं आहे."

"कवा?"

मी तारीख सांगितली. नवा त्यानंतर होता. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि उठून उभी राहिली.

"मंग लोंब्या लागतीनच तुले."

"नको माय. यंदा नको. मी दुसरीकडून पाहीन."

"दुसरीकडून म्हंजे कोनाकडून? त्या दुसरीच्या गावात नवा नाई करत का? माहा हात तं गेलाच हाये. आता कापल्या काय, न कापल्या काय. दुसरीचा हात कायले घालवते?"

यावर कोणीही माणूस नको म्हणाला असता. निदान दुसऱ्यांदा तरी म्हणाला असता. मी घरून निघताना नवऱ्याला सांगितलं होतं की मी फक्त माफी मागायला चालले आहे, आणि रस्ताभर माझंही तेच म्हणणं होतं. पण गाडीच्या डिकीत बर्फाने भरलेला डबा होता, आणि तो सकाळी मीच भरला होता.

माय विळा घेऊन बांधीत उतरली. या वेळी तिने पदर पुढे घेतला नाही, इकडेतिकडे पाहिलंही नाही. पलीकडच्या बांधीतल्या दोन बाया हातातलं काम थांबवून बघत होत्या. मी त्यांच्या देखत गाडीकडे गेले आणि डबा घेऊन आले.