पिल्लू होतं तिथेच राहू द्या

आम्हाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते सकाळी दाराशी आणून ठेवलेले असतात, बहुतेक वेळा बिस्किटांच्या खोक्यात. खोक्याला वरून भोकं पाडलेली, आत जुना टॉवेल आणि टॉवेलात कुणीतरी भयंकर चिडलेलं. आणणारा तोवर स्कूटरला किक मारून गेलेला असतो.

आम्ही म्हणजे तिघं. मी खोपोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सगळ्यांची ‘बाई’. डॉक्टर गुरांचे आहेत, पण त्यांच्या दवाखान्यात गाईंपेक्षा घारी जास्त. आणि अल्ताफभाई, ज्यांचा पाइप वाहायचा टेंपो निम्मा वेळ पिंजरे वाहतो. जखमी जनावर असेल तर आम्ही वनखात्याला कळवतो, उपचार करतो, बरं झालं की सोडतो. ते सोपं आहे. अवघड आहेत ती पिल्लं. कारण आईपासून एकदा तुटलेलं पिल्लू आमच्या हातून फार कमी वेळा जगतं. म्हणून कर्जत-खालापुरात आम्ही घसा कोरडा करून एकच सांगत असतो, की पिल्लू होतं तिथेच राहू द्या. ऐकतंय कोण?

*

कर्जतजवळ फार्महाऊस घेतलेले एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. मांडीवर बुलबुलाचं पिल्लू. नुकतं घरट्यातून उतरलेलं, उडायला शिकत असलेलं, ठणठणीत.

“अनाथ आहे हो बिचारं,” म्हणाले.

“कशावरून?”

“गवतात एकटंच होतं. आणि एक मोठा पक्षी सारखा आमच्या डोक्यावर झडप घालत होता, ओरडत होता. त्याच्या तावडीतून वाचवलं मी. गेटपर्यंत गाडीच्या मागे आला हो तो.”

डॉक्टर उठून आत गेले आणि फडताळाचं दार जोरात लावल्याचा आवाज आला. मीच त्या गृहस्थांना म्हटलं, “चला, तुमच्याच गाडीने परत जाऊ. तो पक्षी अजून तिथेच असू दे म्हणून प्रार्थना करा.”

*

ससे म्हणजे वेगळाच ताप. सशीण दिवसभर पिल्लांपाशी थांबत नाही. पिल्लं गवतात गप्प पडून असतात आणि ती तिन्हीसांजेला येऊन पाजून जाते. गवत कापायला गेलेला माणूस बघतो, म्हणतो, ‘आई टाकून गेली’, आणि टोपीत घालून घरी घेऊन जातो. मग गाईचं दूध पाजून त्यांची पोटं बिघडली की आमच्याकडे.

अशाच एकावर डॉक्टर कडाडले, “अहो, तुमच्या मुलाला तुम्ही शाळेत सोडून येता. तो काय अनाथ होतो?”

तो शांतपणे म्हणाला, “शाळंला टायम असतो ना डॉक्टर. सशिनीनं काय आमाला टायमिंग सांगितलं नाय.”

*

मग फोटो. मोबाईलवर सारखे येत असतात. एकदा वर्गात पेपर वाटत असताना एक हललेला, अंधूक फोटो आला. खाली लिहिलेलं, ‘अर्जंट!!!’ निरखून पाहिलं तर वटवाघळाचं पिल्लू, जमिनीवर. अशा वेळी ते उंच फांदीवर टेकवून ठेवलं तर आई येऊन पोटाशी धरून नेते. मी पेपर टाकून बाहेर आले, फोन लावला आणि कसं उचलायचं, कशाने उचलायचं सगळं सांगितलं. मग विचारलं, “कुठे आहे हे?”

“ते काय माहीत नाय बाई. फॉरवर्ड आलंय.”

*

अल्ताफभाईंचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ‘जनावर’ हा शब्द. आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. रानमांजरालाही जनावर म्हणतात, आणि गुराढोरांना तर म्हणतातच.

पहिल्यांदा ‘घरात जनावर शिरलंय’ असा फोन आला तेव्हा अल्ताफभाई पिंजरा घेऊन गेले. तिथे फणा काढलेला नाग. पुढच्या वेळी शहाणे झाले, सापाची काठी आणि पिशवी घेऊन गेले. तिथे ओटीवर शेजाऱ्याचा बैल उभा, आणि समोर पसरलेलं भात निवांत खातोय. घरमालक उलट यांनाच म्हणाला, “या काडीनं धरनार व्हय?”

तेव्हापासून अल्ताफभाई फोनवर आधी विचारतात, “जनावर पायाचं की बिनपायाचं?” साजगावच्या एका म्हाताऱ्याने हे ऐकून फोनच आपटला. दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठून म्हणाला, “तिनीसांजंचं असलं काय इचारतोस रं? अक्कल हाय का?”

साप रात्रभर चुलीमागेच होता.

*

कशेळ्याच्या वरच्या एका वाडीवरून निरोप आला. भात कापताना रानमांजराची पिल्लं सापडली होती. आम्ही तिघं टेंपोत बसलो, आणि रस्ताभर मी भाषणाची तयारी केली. पिल्लांना हात लावू नका, तेवढा तुकडा कापू नका, लांब व्हा.

पोचलो तर सगळं शेत कापून मोकळं झालेलं आणि मधोमध भाताचा एक तुकडा तसाच उभा. बांधावर शेताची मालकीण हिराबाई विळा घेऊन बसलेली. वय झालेलं, नजर तिखट. मी पुढे निघाले तशी म्हणाली, “कुटं निगालीस गं?”

“आजी, पिल्लं ठीक आहेत का एवढं बघते.”

“बाळंतीन हाय ती. परक्यानं खोलीत जायाचं नाय.”

डॉक्टर पुढे झाले. “आजी, मी डॉक्टर आहे.”

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नाडी बगाया तिनं बोलावलंय का तुमाला?”

अल्ताफभाई तोंड फिरवून हसू दाबत होते. माझं भाषण घशातच राहिलं. तेवढ्यात मला बांधाच्या कडेला पत्रावळ दिसली. त्यावर भात आणि सुकट.

“आजी, हे नका ठेवू. तिला माणसाची सवय लागेल. तिला उंदीर मिळतात शेतात.”

“घरात बाळंतीन असली की तू तिला सांगतीस का गं, जा, उंदीर धर?”

पत्रावळ तिथेच राहिली आणि आम्ही परत निघालो. पिल्लं मात्र सगळी मोठी झाली.

*

आणि आता घुबड.

साजगावातल्या एका छोट्या कारखान्याच्या शेठचा फोन आला. शेडमध्ये छताजवळच्या फळीवर गव्हाणी घुबडाची पिल्लं होती. पांढरी, लोकरीच्या गुंड्यांसारखी, उडायला अजून वेळ असलेली. घुबड अशुभ म्हणून कामगार फळीखालच्या मशीनवर उभे राहीनात. शेठ म्हणाले, “आजच्या आज हलवा, नाहीतर मी फेकून देतो.”

घुबडं उंदीर संपवतात हे आम्ही सांगितलं, कायद्याचं सांगितलं. काही उपयोग नाही. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, “शेठ, घुबड लक्ष्मीचं वाहन आहे. दारी आलेलं वाहन तुम्ही हाकलताय?”

शेठनी पायातल्या चपला काढल्या. वर पाहून त्यांनी हात जोडले. आम्ही स्वतःवर फार खूश होऊन घरी आलो.

दोनच दिवस गेले असतील, तिथल्या वॉचमनचा फोन. “बाई, पिल्लं लई वरडत होती. आता आवाज बी बारीक झालाय. या लवकर.”

गेलो. मशीनवर झेंडूचा हार, हळदीकुंकू, उदबत्ती. इथवर ठीक होतं. मग मी वर पाहिलं. ज्या झरोक्यातून घुबड ये-जा करायचं, त्याला नवी कोरी लोखंडी जाळी.

“शेठ, ही जाळी कशाला?”

“लक्ष्मी चंचल असते बाई. आलेली जायला नको म्हणून लावली.”

“कधी लावली?”

“परवा. दिवे लागल्यावर.”

म्हणजे मादी शिकारीला बाहेर पडल्यावर. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते कळेना. अल्ताफभाईंनी शेठच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना अंगणात नेलं. दिवस मावळत होता. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर घुबडाची मादी बसलेली, पायात उंदीर, तोंड जाळीकडे.

“शेठ,” अल्ताफभाई म्हणाले, “लक्ष्मी बाहेर राहिली. आत तिची पोरं कोंडलीत तुमी.”

शेठचा चेहरा पडला. कुणाला हाक न मारता पांढऱ्या कपड्यांनिशी ते स्वतः शिडीवर चढले आणि पकडीने जाळी कापून काढली. बोटं सोलली तरी खाली उतरेनात. मग मशीन बंद केली, दिवे घालवले आणि आम्ही सगळे अंगणात शेडच्या भिंतीला टेकून उभे राहिलो.

बराच वेळ काही झालं नाही. मग मादी उठली, आवाज न करता आमच्या डोक्यावरून गेली आणि झरोक्यातून आत शिरली. आत पिल्लांचा फुसफुसाट वाढला, वाढला आणि हळूहळू थांबला. डॉक्टर चष्मा पुसायला लागले.

शेठ हात जोडून उभे होते. डोळे पाण्याने भरलेले. ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले,

“बाई, आता आत गेलीय ती. लावून घेऊ का परत जाळी?”