चूल पेटलेलं घर

मी आयुष्यात एकदाच परदेशी गेलो, आणि तिथल्या एका विधुराचं, त्याची बायको गेल्याबद्दल, हात जोडून अभिनंदन करून आलो.

याचा सगळा दोष माझा नाही. निम्मा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा आहे. (अक्का म्हणते, पाव. अक्काशी हिशेबात कोणी जिंकलेलं नाही.)

माझी बायको सुमन होळीच्या आधी गेली. मी किन्हवलीच्या शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाआड खुर्ची टाकून बसायचो. जेवणाची वेळ झाली की सुमन यायची. हाक मारायची नाही. कपाटाच्या दारावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "चला, निवतंय." मी "आलो" म्हणायचो आणि जायचो नाही. मग पुन्हा टकटक.

ती गेली आणि मी रडलो नाही. का, ते मला सांगता येणार नाही. माणसं भेटायला येत. मी त्यांना सतरंजी घालून देई, पाणी विचारी. नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लागला, त्यात एक वेलांटी चुकली होती, तेवढी मी नीट करून घेतली. हे मात्र गावभर झालं. "बायको गेली नि मास्तर वेलांट्या तपासतो!" माझ्यापुढे आलेली भाकरी अर्धीच संपे आणि उरलेली अर्धी समोरच्यांच्या म्हशीला जाई. म्हैस तेवढी सुधारली.

अक्का शेणव्याला दिलेली. ती दाजींना म्हशींच्या हवाली करून आमच्याकडे येऊन राहिली आणि मला रडवायचं काम तिने अंगावर घेतलं.

"भिजलेलं भात कणगीत भरलं का काय होतं?" तिने विचारलं.

"सडतं."

"मंग? तसंच हाय ह्ये. रडून घे रे दत्तू."

"येत नाही, अक्का."

"येत नाय म्हंजे काय? रडायला काय परीक्षा द्याची हाय?"

तिने माझ्याकडून पाच किलो कांदे चिरून घेतले. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते तिने मोजलं नाही. मग शेणव्याहून एक म्हातारी आणली. तिने हेल काढून रडायला सुरुवात केली की दगडाला पाझर फुटतो, अशी तिची पंचक्रोशीत ख्याती! म्हातारी माझ्यासमोर बसली, सुमनचं नाव घेऊन तिने असा काही सूर लावला की शेजारची दोन पोरं घाबरून पळाली. मी तिला पाणी दिलं आणि तिच्या दम्याचं औषध चालू आहे का ते विचारलं. म्हातारी उठली. "ह्यो नाय रडाचा गो," म्हणाली आणि आटगावची रिक्षा धरून निघून गेली.

शेवटी मानसी मधे पडली. मानसी ही माझी मुलगी, बँकॉकला नोकरी करते. "बाबा, थोडे दिवस इकडे या. आत्यालाही आणा. माझी मैत्रीण नोई, तिच्या गावी जाऊ. शांत गाव आहे, तुम्हाला आवडेल."

अक्का लगेच तयार झाली. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तिने बॅगेत चार खण, तांदूळ, हळदकुंकू आणि एक नारळ घेतला. (नारळांच्या देशात नारळ!) मी शहापूरहून थाई भाषेचं एक छोटं पुस्तक मागवून घेतलं आणि विमानात ते पाठ केलं.

नोईचं गाव बँकॉकच्या ईशान्येला, एका रात्रीच्या बसवर. सकाळी उतरलो तर दोन्ही बाजूंना पिकून वाकलेलं भात, बांधावर बगळे, लाकडी खांबांवर उभी घरं आणि घरांखाली बांधलेल्या म्हशी. कुठे आवाज म्हणून नाही. अक्काने वाटेत एक लोंबी तोडली, दाणा दाताखाली धरला आणि थांबली.

"दत्तू, इमानात बसून आपन परत शेणव्यातच आलो का रे?"

नोईच्या आईला तिकडच्या रीतीने सगळे 'मे' म्हणत. अक्काने तिची पहिल्या दिवशीच 'मेबाय' केली. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण दिवसभर बोलायच्या. मला पुस्तकातली शंभरेक वाक्यं येत होती, पण मी बोललेलं कुणाला कळत नसे. मी "पाणी कुठे आहे" असं विचारलं, की मेबाय हसून मला केळं द्यायची.

ज्या दिवशी घोटाळा झाला, त्या दिवशी मानसी आणि नोई परतीची तिकिटं काढायला तालुक्याच्या गावी गेल्या होत्या. दुपारपासून गावाच्या टोकाला भोंगा वाजायला लागला. संध्याकाळी मेबाय काळा झगा घालून आली. तिने त्या दिशेला बोट दाखवलं, मग दोन्ही तळवे गालाशी धरून डोळे मिटले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"लगीन हाय म्हनते. जेवनाला उशीर होईल, आता थोडं निजून घ्या म्हनते." अक्काने क्षणाचाही विलंब न लावता भाषांतर केलं.

"काळे कपडे घालून लग्नाला?"

"आपल्याकडं पोरी नाय का घालत आता? फ्याशन हाय ती."

अक्का डाळिंबी साडी नेसली. मी पांढरा सदरा काढला, तो तिने परत ठेवायला लावला. "लग्नाला जातोस का मयताला? तो मानसीनं घेतलेला घाल." मानसीने घेतलेल्या शर्टावर गुलाबी फुलं होती, आणि फुलांमधून निळे हत्ती चालले होते. मी तो घातला. आम्हाला पाहून मेबायचं तोंड उघडं राहिलं. अक्का म्हणाली, "बघ, आवडला तिला."

दारात मोठा मांडव. दिव्यांच्या माळा. माणसं टेबलांभोवती बसून गप्पा मारत होती, कुठे पत्ते चालले होते. "बेंजो जरा ढिला वाजवतात," अक्का म्हणाली, "बाकी व्यवस्था चांगली हाय." समोर ओटीवर पांढरं-सोनेरी मखर, फुलांनी मढवलेलं, भोवती लुकलुकणारे दिवे. शेजारी एका बाईचा मोठा फोटो.

"नवरी जरा पोक्त हाय."

"अक्का, हळू!"

"हितं मराठी कोन समजतंय? आनि मखरात बसनार असतील दोघं."

"मखर आडवं आहे ते."

"त्यांची रीत."

इथे, खरं सांगतो, मला शंका आली. मी अक्काचा हात धरला. "हे मयताचं घर तर नसेल?"

अक्काने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी शाळेत नापास पोरांकडे पाहायचो. मग मांडवाच्या मागे बोट दाखवलं. तिथे मोठाल्या चुलींवर पातेली रटरटत होती, मासे भाजले जात होते, बायका भात वाफवत होत्या.

"मयताच्या घरी चूल पेटते का कधी?"

 आमच्याकडे माणूस गेलं की त्या घराची चूल गार. शेजारपाजार, सोयरे भाकऱ्या आणतात. सुमन गेली तेव्हा समोरच्या घरून पिठलं यायचं. दिवस झाल्यावर आमचा गॅस पुन्हा सुरू झाला असं सगळे म्हणतात. मला मात्र तो पेटल्याचं आठवत नाही.

तेव्हा चूल पेटली आहे, म्हणजे लग्न आहे. मी नवरदेवाच्या बापाला शोधू लागलो. मखराजवळ एक म्हातारा बसला होता, बांबूसारखा वाळका. सगळे त्यालाच येऊन भेटत होते. मी पुढे झालो, हात जोडले, आणि पुस्तकाच्या सातव्या पाठातलं वाक्य स्पष्ट उच्चारांत म्हटलं, "यिन्दी दुअय!" म्हणजे, अभिनंदन!

पंधरा दिवसांत मी बोललेलं पहिलंच वाक्य, जे प्रत्येकाला कळलं.

पत्ते थांबले. मेबायने कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग शर्टावरच्या हत्तींकडे पाहिलं, आणि त्याचे खांदे हलू लागले. हसतो आहे असं वाटून मीही हसलो. एवढ्यात अक्का फोटोपाशी पोचली होती! तिने फोटोतल्या बाईला हळदकुंकू लावलं, समोर खण ठेवला, तांदूळ घातले, वर तो किन्हवलीचा नारळ ठेवला आणि नमस्कार केला. "सुखाचा संसार कर गो बाय," म्हणाली.

तेवढ्यात आतून एक मुलगी ताट घेऊन आली. भात, मासा, हिरवी चटणी. म्हातारा उठला. ताट त्याने दोन्ही हातांनी घेतलं, मखराच्या पायथ्याशी ठेवलं. मग बोटाच्या पेराने मखराच्या लाकडावर दोनदा टकटक केली आणि हळूच काहीतरी म्हणाला.

मला थाई येत नाही. पण तो काय म्हणाला ते मला कळलं.

निवतंय.

मी तिथेच खाली बसलो. आधी वाटलं चक्कर येते आहे. मग छातीतून एक आवाज आला. तो माझाच आहे हे कळायला थोडा वेळ गेला. मी रडत होतो. शेणव्याच्या म्हातारीने ऐकलं असतं तर तिने मला सोबत धंद्याला घेतलं असतं. हत्ती भिजले, फुलं भिजली, डोक्यावरची टोपी कुठे गेली कळलं नाही.

अक्का धावत आली. "रडला! अगो बाय, रडला!" तिने भर मांडवात दोन्ही हात वर केले. मेबायला मिठी मारली. "दत्तू रडला माझा!" मग तिच्या लक्षात आलं. "पन लग्नात कशापायी रडतोस रे?"

"अक्का... हे लग्न नाही."

तिने मखराकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. मेबायच्या गळ्यातले तिचे हात तसेच राहिले.

"मंग चूल कशी पेटली?" ती कुजबुजली.

नेमक्या तेव्हा मानसी आणि नोई आल्या. नोई दारातच थबकली. मानसीने आधी माझा शर्ट पाहिला, मग मला. "बाबा! आत्या, अगं हे काय? नोईच्या आईने सांगितलं नाही तुम्हाला? सोमकाकांची बायको गेली परवा."

"ती म्हनाली निजायचं हाय!"

"निजल्या, आत्या. कायमच्या!"

अक्का मटकन माझ्याशेजारी बसली. "मी तिची ओटी भरली, मानसी. सुखाचा संसार कर म्हनाले मेलेल्या बाईला."

मला बोलता येत होतं तेवढं बोललो. "अहेव गेली ना ती, अक्का? मग ओटी बरोबरच आहे. सुमनचीही तूच भरली होतीस."

 अक्काने पदर तोंडाला लावला. तेव्हा मला कळलं, की मला रडवण्याच्या नादात तिचंही रडायचं राहून गेलं होतं.

नोईने चुलीचं कोडं सोडवलं. ते मखर म्हणजे शवपेटी. इथे माणूस गेलं की घर एकटं ठेवत नाहीत. गाव येऊन बसतं, म्हणून चूल पेटती ठेवतात. आलेल्यांना जेवू घालतात, गेलेल्यालाही जेवायला बोलावतात. अक्काने ते सगळं ऐकून घेतलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "आपन घर गार करतो, नि मंग म्हनतो मास्तर गार झाला."

मी मानसीला म्हटलं, "त्यांची माफी माग. अभिनंदनाबद्दल." तिने मागितली. म्हाताऱ्या सोमकाकांनी मान हलवली, उठले, पुन्हा मखरावर टकटक केली आणि थोडं लांबलचक काही बोलले. मांडव हसला. कुणी डोळेही पुसले.

"काय म्हणाले?"

 "काकींना सांगितलं त्यांनी. म्हणाले, ऊठ बघ, हत्तींचा शर्ट घातलेला एक माणूस भारतातून तुझ्यासाठी रडायला आलाय."

मग त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि शेजारी बसले. मी जेवलो. पुन्हा भात घेतला, पुन्हा मासा घेतला. मयताच्या घरी, परक्या गावी, हावऱ्यासारखा. लोक थायलंडला मजा करायला जातात. मी गेलो, दुसऱ्याच्या बायकोसाठी रडलो आणि तिच्या दिवसांचं जेवलो.

निघताना त्यांनी प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक छोटी नळी ठेवली. नाकाला लावून हुंगायची, कापूर-पुदिन्याच्या वासाची. रडून नाक चोंदतं ना, त्यासाठी. ("रिटन गिफ्ट!" अक्का म्हणाली आणि लगेच जीभ चावली.)

ती नळी अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. कपाटाआड वाचत बसलो असताना मधेच डोळे भरून येतात. तेव्हा मी ती नाकाला लावतो आणि जे कोणी समोर असेल त्याला सांगतो, "थायलंडची आहे. फार झोंबते." लोक मान हलवतात. परवा अक्काने ती माझ्या हातातून घेतली, दोन्ही नाकपुड्यांना लावून जोरात हुंगली आणि परत माझ्या खिशात ठेवली.

"झोंबते रे," ती म्हणाली. "लय झोंबते."

नळीत वासच नाही. तिचं टोपण मी त्याच रात्री, मांडवातून बाहेर पडताना, हरवलं होतं.