दुसरा दांडा

बोट घेतल्यावर मला सगळ्यात जास्त छळलं ते वाऱ्याने. बोट म्हणजे फार मोठं प्रकरण डोळ्यांपुढे आणू नका. सपाट बुडाची, अॅल्युमिनियमची, चौदा फुटी, दोन मालकांनी वापरून सोडलेली. जॉर्जियातल्या आमच्या अल्फारेटा गावाहून पाऊण तासावर मोठं तळं आहे. वसंतात त्याच्या कडेकडेला मासे अंडी घालायला येतात, तिथे पाणी जेमतेम कमरेएवढं. आपण गळ टाकावा, आणि वाऱ्याने हळूच बोट फिरवून आपलं तोंड पार्किंगकडे करून द्यावं. दोरीचा नांगर टाकला तर बोट त्याच्याभोवती दावणीच्या म्हशीसारखी फिरते, शिवाय तळाचा गाळ ढवळला की मासे पसार होतात.

यावरचा उपाय म्हणजे काठी. बोटीच्या मागच्या टोकाशी काठी तळात रोवायची, बोट काठीला बांधायची, संपलं. विजेवर चालणारी तयार मिळते, बटण दाबलं की आपोआप खाली जाते, पण तिची किंमत माझ्या अख्ख्या बोटीहून जास्त. आणि मी पडलो पुण्याचा मेकॅनिकल इंजिनियर. घरी करता येण्यासारखी वस्तू विकत घेणं हा आमच्याकडे चारित्र्याचा प्रश्न असतो. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून हा आजार बरा होत नाही, उलट बळावतो.

पहिली काठी मी पीव्हीसी पाइपची केली. ती वाऱ्याच्या पहिल्याच झुळकीला वाकली. दुसरीत वाळू भरली, ती मोडली. मग रीतसर अभ्यास केला. इंटरनेटवर सगळे जाणकार एकच सांगत होते: फायबरग्लासचा भरीव दांडा, इंचभर जाड, आठ फूट लांब, खाली टोक काढलेलं आणि वर धरायला आडवी मूठ. ऑनलाइन मागवला तर यायला दोन आठवडे लागणार होते. तोवर मासे अंडी घालून परत खोल पाण्यात गेले असते. आणि तसा दांडा कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे. मी त्यात ढोल वाजवतो. पथकाचं सगळं सामान एका काकांच्या गॅरेजमध्ये असायचं. काका सत्तरच्या दशकात इथे आलेले, पूल बांधण्यात आयुष्य घालवलेले, आता ऐंशीच्या घरात. ढोल, ताशे, दोऱ्या, झेंडे, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि प्रत्येक जागेवर त्यांच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी. ध्वजाचे दोन दांडेही त्यांनीच निवडलेले. बांबू इथे धड मिळत नाही, लोखंड नाचवणाऱ्याचे खांदे उतरवतं, म्हणून फायबरग्लास. बारा फुटी, भरीव. एक मिरवणुकीत नाचायचा. दुसरा राखीव म्हणून वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभा.

एप्रिलमध्ये काका-काकू पार्सिपनीला मुलीकडे गेले होते. ढोल न्यायचे-आणायचे म्हणून गॅरेजचा कोड माझ्याकडे होताच. शनिवारी सकाळी दहा वाजता, स्वच्छ उन्हात, समोरचा शेजारी गवत कापत असताना मी तो दुसरा दांडा बाहेर काढला. शेजाऱ्याने हात केला, मीही केला. पथकात ध्वज हातात घेण्याआधी दांड्याला कपाळ टेकवायची पद्धत आहे. सवयीने मी तेही केलं. पाया पडून चोरी करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

घरी येऊन आठ फुटांवर खूण केली आणि करवत चालवली. फायबरग्लासची धूळ कातडीत शिरते, चार दिवस दोन्ही हात खाजत होते. टोक घासून काढलं, वर मूठ बसवली, भोक पाडून दोरी ओवली. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. जॉर्जियाची लाल चिकणमाती, त्यात दांडा असा रुतला की बोट जणू फरशीवर ठेवली आहे. वारा सुटला, बोट हलली नाही. त्या सकाळी मी सहा मासे पकडले आणि सोडून दिले. खोटं कशाला सांगू, मी अतिशय खूश होतो. ऑफिसात फोटो दाखवले. खर्च किती आला, असं एकाने विचारलं तर मी ऐटीत म्हणालो, “ऑलमोस्ट झीरो.”

गणपतीच्या आत नवा दांडा आणून जागेवर ठेवायचा हे मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं. मग का नाही ठेवला? आज करू, उद्या करू. दुसरा दांडा कधी लागतच नाही, हेही होतंच.

त्या वर्षी लागला. ऑगस्टमध्ये काकांच्या गॅरेजमध्ये आम्ही आठ-दहा जण सामान काढायला जमलो, तेव्हा कोणीतरी टूम काढली की मिरवणूक मोठी आहे, दोन ध्वज नाचवू. काका उत्साहाने कोपऱ्याकडे गेले. तिथे एकच दांडा होता. चिठ्ठीवर ‘ध्वजदंड – २ नग’ असं लिहिलेलं.

“इथेच होता,” काका म्हणाले. “माझ्याशिवाय त्याला कोण हात लावणार?”

मी तोंड उघडायला हवं होतं. ‘काका, मी नेलाय, सॉरी, नवा आणून देतो.’ एवढंच. लोक हसले असते, वर्षभर चिडवलं असतं, विषय संपला असता. पण दहा जण बघत होते, आणि ध्वजाचा दांडा कापून मी मासे मारतो हे त्यांच्यासमोर म्हणवेना. काका एकटे असताना सांगू, असं मी ठरवलं. तेवढ्यात काकू घरातून बाहेर आल्या.

“तुम्हीच कुठेतरी ठेवलात,” त्या म्हणाल्या. “परवा गॅस तसाच चालू. त्याआधी फोन फ्रिजमध्ये. आता हे.”

सगळे ढोलांकडे बघायला लागले. काकूंना वाटलं असावं की आपण घरातली गोष्ट चारचौघांत बोललो. काका कसंनुसं हसले आणि शोधायला लागले. पुलांचे हिशेब तोंडपाठ असलेला माणूस बारा फुटी दांडा कपाटांत शोधत होता. मग सगळेच शोधू लागले, आणि मीही शोधायला लागलो. शिडी लावून गॅरेजच्या माळ्यावर चढलो, फोनचा टॉर्च लावला, खोकी सरकवली आणि वरून ओरडलो, “इथे नाही दिसत, काका!” त्या वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी चोरीचीही वाटत नाही.

“राहू दे रे,” काका खालून म्हणाले. “उतर तू, पडशील. माझंच चुकलं असणार.”

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. काकूंनी मुलीला फोन केला. मुलगी विमानाने आली, काकांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, थोडी सुरुवात असू शकेल, लक्ष ठेवा. मुलीने गाडीची किल्ली काढून घेतली. आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की काकांवर आता बोजा नको, सामान दुसरीकडे हलवू. कोणाकडे? जबाबदार माणूस हवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे ऐकलं होतं. इथे वर चोराच्या हाती तिजोरीही दिली. मी म्हणालो, “नो प्रॉब्लेम.”

सामान हलवायच्या दिवशी काका प्रत्येक चिठ्ठी जपून सोडवून मला देत होते. कुठल्या ढोलाचं पान सैल आहे, कुठला ताशा उन्हात तापवायचा नाही, सगळं सांगत होते. एकही गोष्ट विसरले नाहीत. मी मान डोलावत राहिलो. घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “जाऊन सांग त्यांना.” मी म्हणालो, सांगतो. डिसेंबर उजाडला.

मग इंडियन ग्रोसरीत काकू भेटल्या. हातात कोथिंबीर घेऊन तिथेच बोलायला लागल्या. काका आता कशालाच हात लावत नाहीत, म्हणाल्या. चहा करायचा तरी विचारतात, मी करू का, माझ्याकडून काही बिघडेल का. “त्या दांड्याच्या दिवसापासून हे सुरू झालं बघ. स्वतःवरचा विश्वासच गेलाय त्यांचा. आधी विसरायचे, पण हसण्यावारी न्यायचे रे.”

मी सामानाची ट्रॉली तिथेच सोडली आणि काकूंच्या गाडीमागे त्यांच्या घरी गेलो.

काका डायनिंग टेबलाशी बसले होते. मला बघून खरोखर आनंदले. काकू चहा टाकायला वळल्या. मी बसलोही नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एप्रिल, गॅरेजचा कोड, करवत, बोट. माळ्यावर चढलो तेही सांगितलं. “काका, तुम्ही काही विसरला नव्हता. दांडा मी चोरला. तुमची काहीही चूक नव्हती.”

काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं.

“तू फार चांगला मुलगा आहेस,” ते म्हणाले. “पण मला आठवलंय सगळं. मार्चमध्ये गॅरेज झाडायला काढलं तेव्हा मीच तो बाहेर ठेवला, रस्त्याकडेला, कर्बपाशी, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी. मंगळवार होता. कचऱ्याच्या ट्रकने नेला. मला दिसतोय ना तो ट्रक.”

“नाही काका, असं झालंच नाही. माझ्या बोटीत आहे तो. आत्ता आणून दाखवतो.”

“कशाला? माझ्यासाठी कुठून तरी दुसरा आणशील,” ते हसून म्हणाले. “मीही इंजिनियर आहे रे.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. मागे चहा उतू गेला तरी त्या हलल्या नाहीत.

“आणि आत्ता सांगतोयस?” त्या म्हणाल्या. “चार महिन्यांनी?”

“अगं, त्याला ओरडू नकोस,” काका म्हणाले. त्यांनी माझा हात सोडला नव्हता. “पोरगं माझ्यासाठी खोटं बोलतंय.”