तळबाईंची डिग्री

औषधांच्या त्या गोदामात माल तपासणाऱ्या बाईंना सगळे ट्रकवाले तळबाई म्हणत. माल उतरला की त्या वरच्या खोक्याकडे ढुंकूनही बघत नसत. "तळाचं काढ," एवढंच म्हणायच्या. मग तीस खोकी बाजूला करताना ड्रायव्हर मनातल्या मनात काय म्हणत असेल, ते सांगायला नको. खोकं फोडलं की त्या आधी मुदतीची तारीख बघायच्या, नाव नंतर. सोळा वर्षांत मुदत संपलेली एकही बाटली त्यांच्या हातून पुढे गेली नव्हती.

एवढं असून गोदामप्रमुखाची खुर्ची दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरचा माणूस येऊन बसला. दोघांकडे एमबीए होतं. दोघांना काम मात्र तळबाईंनीच शिकवलं. दुसऱ्या वेळी मालकांनी स्पष्टच सांगितलं, आताचे साहेब अडीच वर्षांनी निवृत्त होतील, तोवर मान्यता असलेली डिग्री आणा, मग बघू. बाई तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. ही संधी हुकली तर तिसऱ्यालाही आपणच शिकवणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्याचा त्यांना राग यायचा, आणि यायलाच हवा होता.

नोकरी सोडून कॉलेजात बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून ऑनलाइनच शिकायचं ठरलं. नणंदबाईंनी लगेच एक झगमगीत संस्था शोधून आणली. त्यांच्या ऑफिसातल्या चौघांनी तिथेच नाव घातलं होतं. फी निम्मी, परीक्षा सोपी, आणि सवलतीची म्हणे आजच शेवटची तारीख. फोनवरची मुलगी इतकी गोड बोलली की बाईंना पहिला संशय तिथेच आला. त्यांनी मान्यतेचं प्रमाणपत्र मागवलं. त्यावरचा सोनेरी शिक्का बघून नणंदबाईंचा जीव भांड्यात पडला. बाईंनी शिक्का बघितलाच नाही. त्यांनी खालचा क्रमांक मान्यता देणाऱ्या मंडळाच्या यादीत शोधला. क्रमांक खरा होता. मान्यतेची मुदत मागच्याच वर्षी संपली होती.

"वहिनी, एवढं कोण बघतं?" नणंदबाई म्हणाल्या.

"मी बघते. मला पगार त्याचाच मिळतो."

त्या चौघांनाही कळवलं. दोघांनी पैसे परत मागितले, उरलेल्या दोघांनी बाईंनाच शहाणपण शिकवलं.

मग बाईंना एक जुनं विद्यापीठ सापडलं. वेबसाइट अशी रूक्ष की बघूनच जांभई यावी. पण फी सहामाही हप्त्यांत भरता येत होती आणि यादीत मान्यतेची अजून सात वर्षं बाकी होती. फोन उचलणारे कारकून खडूस होते. त्यांनी पहिला नंबर आलेल्या विद्यार्थ्यांची नावं देऊ केली. बाई म्हणाल्या, ती वरची खोकी झाली, नापास झालेलं कोणी असेल तर माझा नंबर द्या. कारकून चक्क हसले.

दोन दिवसांनी एका गृहस्थांचा फोन आला. "बाई, मी दोनदा नापास झालो," ते म्हणाले. "चिडून पेपर पुन्हा बघायला मागितला. दाखवला त्यांनी, आणि मार्क बरोबरच होते हो. आता तिसऱ्यांदा तिथेच बसतोय."

बाईंनी त्याच संध्याकाळी प्रवेश घेतला.

पुढची दोन वर्षं सोपी गेली असं म्हणणं खोटं ठरेल. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने स्वयंपाकघर हातात घेतलं आणि घराने सहा महिने करपलेलं खाल्लं. मुलगी टेबलाच्या एका बाजूला शाळेचा अभ्यास करायची, दुसऱ्या बाजूला आई. संख्याशास्त्राने बाईंना अक्षरशः रडवलं. तरी त्या एकाही पेपरात अडकल्या नाहीत.

साहेब निवृत्त झाले आणि जागेसाठी तिघांना बोलावणं आलं. त्यातल्या एका टाय लावलेल्या उमेदवाराची डिग्री त्याच झगमगीत संस्थेची निघाली आणि तो पाणीही न पिता परत गेला. बाईंची पाळी आली तेव्हा मालक जरा संकोचून म्हणाले, "तुमचीही तपासावी लागेल."

"अवश्य तपासा," बाई म्हणाल्या. "न तपासता घेतलंत तर मला वाईट वाटेल."

मालकांनी स्वतः यादी उघडली, क्रमांक घातला, तारीख वाचली आणि उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत ते बाईंसाठी पहिल्यांदाच उठले होते. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

सोमवारी प्रमुखांच्या खुर्चीत पर्स ठेवून त्या सरळ माल उतरवायच्या धक्क्यावर गेल्या. नव्या तपासनीस मुलीला शिकवायचं होतं. ट्रकवाल्याने अभिनंदन केलं आणि न सांगताच तळाचं खोकं काढून पुढे ठेवलं.

"हे राहू दे," बाई म्हणाल्या. "आज मधलं काढ."

"पण तुम्ही तर नेहमी तळाचंच बघता."

"ते आता सगळ्यांना माहीत झालंय," बाई म्हणाल्या, आणि कटर त्यांनी मुलीच्या हातात दिला.