बिबड्यांचं कापड

गच्चीवर अंथरताना प्लास्टिकचा कागद माझ्या हातातच फाटला. इतके उन्हाळे उन्हात पडून तो पार कुरकुरीत झाला होता. गेल्या वर्षी ज्वारीच्या बिबड्या वाळल्या की त्या पापडांच्या पाठीला त्याचेच पापुद्रे चिकटून यायचे. दिसले तेवढे मी नखाने काढले, बाकीचे आम्ही तळून खाल्ले.

यंदा कापडावरच थापायच्या असं मी ठरवलं, सासूबाई थापायच्या तसं. कापडावरच्या बिबड्या लवकर सुटत नाहीत, मागून पाणी मारावं लागतं. पण पोटात निदान ज्वारीच जाते.

खाली जाऊन सुती कापड शोधलं. माझ्या साड्या, चादरी, पडदे, सगळं पॉलिस्टर. सासूबाईंच्या पेटीतही तेच.

"सुती कोठे शे आते?" जाऊ म्हणाली. ती ज्या खोलीच्या दाराला टेकून उभी होती, त्या खोलीत आमच्याच शेतातला कापूस छतापर्यंत भरलेला होता.

सासूबाईंचं एक सुती लुगडं होतं. शेवटचं तेच नेसवून आम्ही त्यांना प्रकाशा गावाला, तापीकाठी नेलं.

वर शिजवलेलं पीठ निवत चाललं होतं. फाटक्या कागदाची त्यातल्या त्यात बरी बाजू पाहून मी थापायला बसले.