गोरखगडावर पुढं कोण होतं

भागीला जाऊन पाच आठवडे झाले. माझी बायको. सकाळी चुलीपुढं बसली होती, सून म्हणाली, "आई, चहा निवतोय," आणि उत्तरच आलं नाही. मी गोठ्यात होतो. सून पळत आली, दाराशी नुसती उभी राहिली... मला कळलं.

तेराव्याला गोतावळा जमला. माझा जुना सोबती धर्मा उठला आणि गावाला पाठ असलेली गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली, की ह्या बाळूनं तरुणपणी बायकोला हाताला धरून गोरखगडावर चढवली, असा नवरा त्या काळात नव्हता. लोकांनी माना डोलवल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खोटं हाय ते." लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं बडबडतोय. दोघांनी धरून मला खाली बसवलं. म्हणून हे लिहितोय. शाळा माझी दोन यत्ता. नातीनं अक्षर सुधारलंय, गोष्ट मी सुधारू दिलेली नाही.

महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, म्हणून कोळशाला मागणी. भात झोडून झालं की आमच्या गावातली पाच-सहा जोडपी मुरबाडच्या अंगाला देहरीच्या रानात जाऊन राहायची. पानांची खोपटी, बाहेर तीन दगडांची चूल, आणि लाकडं रचून वरून माती लिंपलेल्या भट्ट्या. भट्टी विझली तरी निवेपर्यंत उघडायची नाही. घाई केली की वारा लागून आतला कोळसा पेटतो आणि सगळी मेहनत राख. तशा एका निवायच्या दिवशी कुणाला काम नव्हतं. भागी खोपटासमोर उभी राहून रानावर उभ्या असलेल्या गोरखगडाकडं बघत होती. लग्नाला दुसरं वर्ष.

"वरनं आपला गाव दिसत आसंल का वो?"

धर्मा हसला. "वयनी, बाईमाणसाला गड कशाला? वर काय पाणी भरायला जायचंय?"

मला मिशा नुकत्या फुटलेल्या. मी म्हणालो, "मी नेतो तिला. हाताला धरून नेतो."

रान संपेपर्यंत मी पुढं, ती मागं, फडक्यात नाचणीची भाकरी आणि सुकट. बाईनं नवऱ्याच्या पुढं चालायचं नाही, ही तेव्हाची रीत. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या लागल्या. इतक्या उभ्या, की पुढची पायरी तोंडाशी यावी. अर्ध्यावर मी खाली बघितलं आणि संपलो. पाय लाकूड झाले. वर जाववेना, खाली उतरवेना...

"काय झालं?"

"काय नाय."

"मग चला की."

मी हललो नाही. ती एक पायरी वर आली. मग म्हणाली, "भ्या वाटतंय?"

"गप गो."

"बरं, गप. कातळाला चिकटा जरा." आणि ती दरीच्या बाजूनं, हो, दरीच्या बाजूनं, मला ओलांडून वर गेली. म्हणाली, "आता खाली बघू नका. माझ्या टाचा बघा. मी ठेवीन तिथंच पाय ठेवा." कोळशानं काळ्या, भेगा पडलेल्या त्या टाचा बघत मी गोरखगड चढलो. वर महादेवापाशी तिनं भाकरी मोडली, एका टेकाडाकडं बोट केलं, म्हणाली, "तो आपला गाव." मी म्हणालो, तो नव्हे. त्यावरून आम्ही भांडलो. मी भांडायला लागलो हे बघून तिला हसू फुटलं.

उतरताना तर माझी पार गाळण उडाली. ती खाली राहिली, कातळाकडं तोंड करून, आणि माझा घोटा धरून एकेक पाऊल पायरीवर ठेवत गेली. "ठेवा. आता दुसरा." पायाला कुणी हात लावला की माणूस मोठा होतो म्हणतात. मला लहान झाल्यासारखं वाटलं, आणि तरी मी पाय काढून घेतला नाही.

खोपटी दिसायला लागली तशी ती थांबली. पदर डोक्यावर घेतला. "व्हा पुढं." मी झालो. धर्मानं विचारलं, "नेलं का वयनी, वरपर्यंत?" ती म्हणाली, "नेलं की. हाताला धरून." तोंडावर हसू नाही. आणि मी निर्लज्जासारखा मिशीवर हात फिरवत बसलो. पुढं जन्मभर लग्नाकार्यात ती हेच सांगत आली. एकदा मी विचारलं, "का गो खोटं बोलतेस?" तर म्हणाली, "तुमच्या मिशा राहिल्या. माझं काय गेलं?"

गेलं होतं, भागी. तुझा गड माझ्या नावावर गेला होता. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही, ती लाज माझी. पण अशी बाई माझी बायको होती, ह्याचा ताठा मला आहे, आणि तो मी मरेपर्यंत मिरवणार.

मागच्या आठवड्यात सुनेबरोबर शेतावर निघालो. बांधाशी ती मी पुढं होण्याची वाट बघत थांबली. म्हणालो, "तू हो पुढं."

"अवो मामा, लोक बघतात."

"बघू दे."

आधी ती बावरली, मग पदर खोचून भराभर निघाली. तिला गाठताना मला धाप लागली. धर्मा त्याच्या खळ्यातून ओरडला, "काय रे बाळू, सून पुढं आन् तू मागं?"

मी बांधावर उभा राहिलो, दम घेतला, आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आमच्यात बाया पुढंच असतात रे! गोरखगडापासनं!"